दर्भाचा कावळा, लोकरीची माशी

बाबा, तुमच्या पिंडाला शेवटी दर्भाचा कावळा शिवला. खरा नाही आला. हे तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे, म्हणून मीच सांगतो.

खरे कावळे होते हो. घाटावरच्या कडुनिंबावर ओळीनं बसले होते आणि शेजारच्या कुणाच्या तरी पिंडावर तुटून पडत होते. तुमच्याकडे मात्र ढुंकून बघेनात. मग नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. काहीतरी इच्छा राहिली असणार, बोला, शब्द द्या. तुमचा श्रीकांत पुढे झाला. आईला सांभाळीन म्हणाला. कावळे ढिम्म. अकोल्याचं घर विकणार नाही म्हणाला. ढिम्म. तुमची स्कूटर भंगारात देणार नाही असं म्हणाला तेव्हा एक कावळा जरा हलला, पण तो नुसताच पंख खाजवत होता. सगळे घामाघूम झाले आणि एकमेकांकडे बघायला लागले. आई तर अगदी पांढऱ्या पडल्या.

मी मागे, जावयाच्या जागी, हात बांधून उभा होतो आणि मला उत्तर माहीत होतं. मी मेधाच्या कानात म्हटलं, सरपंचाचं राहिलंय. तुमच्या लेकीनं मला असा चिमटा काढला की दंडावर आठवडाभर खूण होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा. समोर सोवळ्यातले गुरुजी, आजूबाजूला कांदासुद्धा जपून खाणारे तुमचे भाऊबंद, आणि मी वेंगुर्ल्याचा मासेखाऊ जावई काय सांगणार, तर सासऱ्यांचा जीव डब्लिनच्या एका माशात अडकलाय. त्यांनी मलाच नदीत बुडवला असता.

शेवटी गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळून कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं, मोकळे झाले. बाबा, तो कावळा तुम्ही बघायला हवा होता. शेपूट जाड, मानेचा पत्ता नाही, गाठ सैल. तुम्ही तो गुरुजींच्या हातातून काढून घेतला असता, उसवला असता आणि ओठात दोरा धरून पुन्हा बांधायला बसला असता. गळावर दोऱ्यालोकरीच्या खोट्या माश्या बांधून मासे फसवणाऱ्या माणसाला खोट्याच कावळ्यानं निरोप द्यावा, या विचारानं मला तिथेच हसू फुटलं. मग ते हसू मध्येच भलतीकडे वळलं. श्रीकांतनं मला पाणी आणून दिलं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस डब्लिनच्या सँडीफोर्डमधल्या त्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत वेडा होणार. खाली ऑफिसं, वर ढग, समोर दुसऱ्यांच्या खिडक्या. म्हणून मी तुम्हाला लुआस ट्राममध्ये बसवून मिलटाउनला नेलं आणि डॉडर नदीच्या काठानं फिरवलं. तिथे आपला डोनल, तेव्हा अनोळखी, मांडीभर पाण्यात उभा राहून मासेमारीच्या रॉडची दोरी हवेत मागेपुढे करत होता. मी बघितला माणूस. तुम्ही बघितली त्याच्या बाहीवर बसलेली माशी. तिचं लांबलचक लॅटिन नाव तुम्ही काठावरून मोठ्यानं उच्चारलंत, परदेशात आपल्या गल्लीतलं कुणी दिसावं अशा आनंदानं. डोनल म्हातारा, चाळीशी नाकावर, तो गर्रकन वळला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याचे पाण्यात उतरायचे जुने रबरी वेडर्स घालून, वर माकडटोपी चढवून, पाण्यात उभे. जन्मभर कृषी विद्यापीठात किडे कसे मारावेत हे शिकवलेला माणूस निवृत्तीनंतर किडे घडवायला लागला. मी तसं म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, काहून बाप्पा, थोडी परतफेड नको का करायला?

तुमचं शास्त्र सोपं होतं आणि मला ते पाठ झालंय, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. ट्राउट मासा वाट्टेल ते खात नाही. त्या घटकेला पाण्यावर जी माशी उतरलीय, तीच खातो. बाकी कितीही सुंदर माशी समोर नाचवा, बघणार नाही. इथले लोक त्याला हॅच म्हणतात. तुम्ही म्हणायचात आवक. आज ऑलिव्ह माश्यांची आवक आहे. आज संध्याकाळी काळ्या चिलटांची आवक होणार. कापसाच्या बाजारात उभं राहून बोलावं तसं तुम्ही पुलावर उभे राहून बोलायचात, आणि डोनलनंही तो शब्द उचलला होता. व्हॉट्स द आवक, प्रोफेसर? असं तो लांबूनच ओरडायचा.

आता आवक मोजायची म्हणजे पाणी गाळायला हवं. त्यासाठी तुम्ही आमची चहाची गाळणी नेऊ लागलात. हे मेधाला बरेच दिवस माहीत नव्हतं. चहात एकदा सहा पायांचं काहीतरी निघालं तेव्हा कळलं. तुम्ही ते चिमट्यानं उचललंत, उजेडात धरलंत आणि अळी कोणत्या जातीची आहे ते आम्हाला सांगितलंत, जणू प्रश्न जातीचा होता. मग फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी झाकण घातलेली वाटी दिसली तरी आमच्या घरात कुणी उघडत नसे. देव्हाऱ्यातल्या कृष्णाचं मोरपीस तर तंतू उपटून उपटून टकलं झालं. माझ्या कामाच्या टेबलावर अर्ध्या भागात लॅपटॉप आणि अर्ध्या भागात गळ धरायचा तुमचा छोटा व्हाइस. मी मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं बोलत असताना कोपऱ्यातून एक हात यायचा, चिमटीत माशी, आणि तुमचा आवाज, नितीनराव, हिचं बूड जरा जाड झालंय का बघता? आमची मॅनेजर अजून विचारते, हाऊ इज द माशी. तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आपली भांडणं मात्र गंभीर होती आणि ती दोन होती. सासरा जावयाला अहो-जाहो करणार, जावई सासऱ्याला तुम्ही म्हणणार, त्यामुळे सगळी भांडणं कशी लग्नाच्या याद्या करताना व्हावीत तशी अदबीनं.

पहिलं भांडण, मासा खायचा की सोडायचा. तुम्ही धरलेला प्रत्येक मासा ओल्या हातानं सोडवायचात, त्याला माफ कर बाबा म्हणायचात आणि पाण्यात ठेवायचात. वर घरी आलात की आई दारातच अडवायच्या, मासा शिवलाय, आधी आंघोळ. मी म्हणायचो, खायचा नसेल तर त्या बिचाऱ्याला कशाला छळता, आणि खायचा असेल तर माझ्याकडे द्या, मी दहा मिनिटांत तिरफळं घालून त्याचं सार्थक करतो. तुम्ही म्हणालात, तुम्ही क्रिकेट खेळून झाल्यावर चेंडू खाता का? मी म्हटलं, चेंडूला तोंड नसतं, बाबा. ट्रामची दोन स्टेशनं गेली. मग म्हणालात, म्हणूनच मी माफी मागतो ना. हे भांडण मी तिथेच सोडून दिलं.

दुसरं भांडण सुटलं नाही. ते सरपंचाचं.

मिलटाउनच्या खाली त्या लहान पुलाच्या सावलीत राहणारा तो म्हातारा ट्राउट. हाताएवढा लांब, जबडा वाकडा, बाकीचे मासे त्याच्यासमोर अदबीनं बाजूला. डोनल त्याला कित्येक वर्षं ओळखत होता आणि त्यालाही तो कधी मिळाला नव्हता. सरपंच हे नाव तुम्ही ठेवलंत. दर उन्हाळ्यात तुम्ही त्याच्यासमोर हर प्रकारची आवक मांडलीत. ऑलिव्ह, चिलटं, मुंग्या, एकदा तर सुरवंट. तो वर यायचा, नाकानं ढुशी दिल्यासारखं करायचा आणि परत जायचा. तुम्ही घरी येऊन पंख अर्धा मिलिमीटर कमी करायचात.

आणि त्याच वेळी, बाबा, त्याच पुलावर, आई उभ्या असायच्या. तुम्ही पाण्यात गेलात की त्यांना दुसरं काय काम? आदल्या दिवशीची उरलेली पोळी डब्यातून आणायच्या आणि तुकडे करून बदकांना टाकायच्या. अन्न वाया जायला नको. सगळी पोळी बदकांना थोडीच मिळते? एक तुकडा पुलाखाली वाहत जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला आणि तो ज्या तोंडात गेला, त्याचा जबडा वाकडा होता.

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. मग मी पुन्हा सांगितलं तेव्हा हसला नाहीत. ट्राउट पोळी खात नाही, नितीनराव. मी म्हटलं, तुमचंच शास्त्र आहे, जी आवक असेल तेच तो खातो. रोज संध्याकाळी इथे पोळीची आवक आहे, मग त्यानं काय उपास करावा? तुमचा चेहरा असा झाला की जणू मी तुमच्या विद्यापीठाच्या आवारात येऊन शंख केलाय. मला तिथेच थांबता आलं असतं. पण नाही थांबलो. मी घरी येऊन फिक्या लोकरीची एक चपटी माशी बांधली आणि तिच्यावर तपकिरी मार्करनं डाग दिले, तव्यावर पडतात तसे. पोळीची माशी. तुम्ही ती बघितलीत, दोन दिवस माझ्याशी फक्त मेधामार्फत बोललात, आणि तिसऱ्या दिवशी आईंना साक्षीला बोलावलंत. पुलावर तूच उभी असतेस, तूच सांग, तो पोळी खातो? आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, मी काही बघितलं नाही बाई. झालं. खटला निकालात निघाला. मी ती माशी ड्रॉवरमध्ये टाकली.

गेल्या हिवाळ्यात तुमचा शेवटचा फोन आला, तेव्हा तब्येतीचं विचारलं तर टाळलंत आणि म्हणालात, सरपंच काय म्हणतो? मी म्हटलं, सीझन बंद आहे, झोपलाय. तुम्ही म्हणालात, एप्रिलमध्ये येतोच, तोवर त्याला हात लावायचा नाही. मी काहीतरी टोमणा मारला. काय मारला ते आठवत नाही आणि ते आठवत नाही म्हणून वाईट वाटतं. तुमच्याशी झालेलं शेवटचं बोलणं मला सगळं पाठ हवं होतं.

एप्रिलमध्ये तुमच्याऐवजी आई आल्या. मेधा त्यांना घेऊन आली. बाबा, आता जे सांगतो ते जरा नीट ऐका. आई जेवत नव्हत्या. म्हणजे ताटावर बसायच्या, भात चिवडायच्या, पोळीचा एक घास मोडायच्या आणि उठायच्या. आमची ईरा आपल्या आयरिश हेलात आजी, यू हॅव टू ईट म्हणून मागे लागायची, तर तिच्या गालावरून हात फिरवून खोलीत जायच्या. आणि दिवसातून एकदा तरी मला विचारायच्या, ह्यांचं काय राहिलं असेल हो, नितीनराव? तो दर्भाचा कावळा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. खोट्या कावळ्यानं शिवलेलं कुणी मानतं का, म्हणायच्या. मेधा समजवायची, मी समजवायचो. त्यांच्या मनाला काही केल्या पटत नव्हतं. माणूस असा कणाकणानं कमी होताना बघायला मला जमत नाही. शेवटी एका संध्याकाळी मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, त्यांचा जीव सरपंचात आहे. मला वाटलं रडतील किंवा रागावतील. त्या उठल्या, डबा भरला आणि म्हणाल्या, चला.

तुमच्या व्हाइसमध्ये शेवटची माशी तशीच होती. गेल्या जुलैमध्ये तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी बांधलेली, आम्ही कुणी हात लावला नव्हता. अंडी घालून दमलेल्या ऑलिव्ह माश्या संध्याकाळी पंख पसरून पाण्यावर पडतात, त्यांच्यासारखी. तपकिरी अंग, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. मी ती रॉडच्या दोरीला बांधली, आई बघत होत्या. मग त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ही लोकर माझ्या शालीची आहे. तुम्ही त्यांना सांगितलं होतंत ना, शालीला कसर लागली म्हणून? किडींचे प्रोफेसर तुम्ही, कसरीवर ढकललंत. आई इतक्या हसल्या, बाबा, की पुलावरून कुत्रा घेऊन जाणारी बाई थांबून बघायला लागली. तुम्ही गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

डोनल आला होता. मी कळवलं होतं. त्यानं टोपी काढून आईंचे दोन्ही हात धरले आणि सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणाला. इथे मौतीला असंच म्हणतात, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, बस. पुढे एक शब्द नाही. मग तो काठावर बसला आणि मी तुमचे वेडर्स घालून पाण्यात उतरलो. ते तुम्हाला ढगळ होते, मला घट्ट होतात, हे आत्ता कळलं.

सरपंच जागेवर होता. मी माशी टाकली. ती छान गेली, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरी गेली. त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुन्हा टाकली. नाही. मग मी तुमच्या श्रीकांतसारखा शब्द द्यायला लागलो. मोठ्यानं, मराठीत, डॉडरमध्ये उभा राहून. रॉड विकणार नाही. व्हाइस टेबलावरून काढणार नाही. नवी गाळणी आणणार नाही. डोनलला वाटलं मी प्रार्थना करतोय, त्यानं मान खाली घातली. सरपंच ढिम्म. अगदी अकोल्याचाच कावळा.

मग मी वर बघितलं तर आई पुलाच्या कठड्याशी उभ्या आणि हात डब्यात. सवयीनं. तुकडा मोडायचा आणि टाकायचा, तुकडा मोडायचा आणि टाकायचा. आणि पुलाखाली तो वाकडा जबडा एकेक तुकडा घेत होता. आईंना माझी नजर कळली. त्यांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"अहो," आई म्हणाल्या, माझ्याशी नाही, "मला माहीत होतं. तुमचं मन मोडलं असतं म्हणून बोलले नाही. आजपासून नाही टाकत."

इथे मे महिन्यात नऊ वाजले तरी उजेड असतो, तो हळूहळू मऊ झाला, आणि पाण्यावर खऱ्या माश्या पडायला लागल्या. पंख पसरून, एकेक करत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तंतोतंत. सरपंचानं थोडा वेळ पोळीची वाट बघितली असावी. मग त्यानं एक माशी घेतली. मग दुसरी. मी तुमची माशी त्यांच्यामध्ये सोडली, आईंच्या शालीची ती तपकिरी माशी, आणि ती वाहत पुलाच्या सावलीत गेली आणि पाण्याला एक लहानसा खळगा पडला.

"शिवला," आई म्हणाल्या.

बाबा, त्यानं मला कसा फिरवला ते सांगत बसत नाही, तुम्ही चुका काढाल. डोनलनं जाळं धरलं. मी हात ओले केले. केवढा होता हो तो. माझ्या सगळ्यात मोठ्या कढईत मावला नसता, आणि हो, तो विचार मनात आला, माझ्या रक्तात आहे त्याला मी काय करू. पण आई चिखलातून खाली उतरल्या होत्या. मासा शिवलेल्या माणसाला दारात अडवणाऱ्या आई. त्यांनी एक बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं आणि अगदी हळू विचारलं, झालं ना आता? मी माफ कर बाबा म्हटलं आणि हात सैल केले. कुणाला उद्देशून म्हटलं ते माझं मलाच नक्की नाही. तो एक क्षण तसाच थांबला आणि गेला. मला खूप रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. डोनल दोरी गुंडाळण्यात फार गुंतला होता.

एवढं सगळं झाल्यावर मी घरी जायचं म्हणत होतो. आई म्हणाल्या, जरा बसू. बाकावर बसल्या, हात मघाशी नदीतच खळबळले होते, आंघोळ वगैरेचं नाव नाही. डबा उघडला. आत दीड पोळी उरली होती. मी बघत राहिलो. त्यांनी अर्धी मला दिली. उरलेली अख्खी पोळी त्यांनी लोणच्याच्या फोडीशी सावकाश खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत, आणि मला विचारलं, घरी अजून आहे का हो काही?

आहे, म्हटलं. भरपूर आहे.

आता आपलं भांडण. तुमची माशी त्यानं घेतली, हे मान्य. पोळीही तो खात होता, हे आईंनी तुमच्यासमोर कबूल केलंय, त्यालाही तुम्ही साक्षीदार आहात. तेव्हा कोण बरोबर ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला आता वेळ आहे. मी एवढंच सांगतो की आम्ही बाकावरून उठताना आईंच्या मांडीवरचा एक चुरा वाऱ्यानं उडून पाण्यात पडला आणि पुलाखाली वाहत गेला. तिथे पाणी हललं. सोडलेला मासा इतक्या लवकर काही खात नाही, असं डोनल म्हणतो. आईंनी माझ्याकडे बघितलं.

मी काही बघितलं नाही, बाबा.